सतरावा रस्ता

गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात.
पैसे बुडवणारा सतराव्यानं जातो.
तो नेमका कुठून फुटतो
ते तेवीस वर्षं इथं टायपिंग करून
मला अजून कळलेलं नाही.

झेरॉक्स, लॅमिनेशन, अर्ज लिहून मिळतील,
पाटीवर एवढंच.
बाकीचं काम एकानं दुसऱ्याच्या कानात सांगितलेलं:
जा, चिद्रवारबाईकडं जा,
त्या पैसे मागायचं पत्र लिहितात.

येतात.
मंडपवाला मुखीद शेख,
ज्याच्या खुर्च्या मोजून नेल्या, पैसे मोजायचे राहिले.
निवृत्ती केंद्रे, ज्यानं बारशाचा अल्बम केला
आणि ते पोर आता दप्तर घेऊन शाळेत जातं.
आल्या आल्या पैशाचं कुणी बोलतच नाही.
"माणूस तसा चांगलाय बाई," म्हणतात.
"त्यांना वाईट वाटाय नको."
ज्याचे बुडाले त्यालाच लाज.
हे मी कुठल्याही फॉन्टात टाइप केलं तरी
वाकडंच दिसतं.

म्हणून आधी चहा सांगते. मग विचारते:
किती? कधीचे? ठरलं तेव्हा कोण होतं?
फोनमध्ये काही सापडतं का,
एखादं "हो, चालेल"?
ते "हो, चालेल" मी तारखेसकट वेचून घेते,
तांदळातून खडा वेचावा तसं.

पहिल्या पत्रात "कृपया" असतं.
दुसऱ्यात नसतं.
रक्कम आकड्यात आणि अक्षरात, दोन्ही.
अक्षरात लिहिली की तिला वजन येतं.
रुपये सत्तावीस हजार पाचशे फक्त.
हा "फक्त" मात्र मला दर वेळी बोचतो.

मागच्या महिन्यात रेवती मोरतळे आली.
क्लासवाल्या सरांचे एकशे चाळीस व्हिडिओ
तिनं कापून, जोडून दिले,
रात्री, वडिलांच्या घोरण्यावर हेडफोन चढवून.
सर म्हणाले, ॲडमिशन झाले की देतो.
ॲडमिशन झाले. निकाल लागला.
चौकाचौकात पोरांचे हसरे फ्लेक्स लागले.
(फ्लेक्सवाल्याचं पत्रही माझ्याकडंच आहे.)
सर म्हणाले, "बाळा, तुझं नाव होईल की."
"नाव घेऊन भाजी मिळत नाही काकू," ती म्हणाली.
मी म्हणलं, हे पत्रात घालायचं नसतं.
रात्री वाटलं, घालायला पाहिजे होतं.

त्याच आठवड्यात सर स्वतः आले,
गाडी दारात आडवी लावून.
पालकांना नोटीस द्यायची होती, फी थकल्याबद्दल.
ते सांगत गेले, मी टाइप करत गेले:
आम्ही आमचं काम वेळेत पूर्ण केलं आहे.
आम्हालाही घरं आहेत.
केलेल्या कामाचा मोबदला अडवणं
हा अन्याय आहे.
काय भाषा!
इतक्या वर्षांत मला सुचली नव्हती.

मी एक प्रत जास्तीची काढली.
तीत "आम्ही"च्या जागी रेवती घातली,
पालकांच्या जागी सर.
त्यांनी उभ्याउभ्या वाचली.
बाहेर केळीवाला गाडीसाठी गाडा सरकवत होता.
"हे कुणाचं आहे?"
"तुमचंच, सर. एक शब्द माझा नाही."

हसले. दुसरं काय करणार,
मागं तीन गिऱ्हाइकं उभी होती.

दुसऱ्या दिवशी रेवतीला निम्मे आले.
राहिलेल्या निम्म्याचं पत्र आज लिहितेय,
"कृपया" न घालता.

आणि हो, त्या दिवशी जाताना
टायपिंग आणि साठ प्रती मिळून
एकशे ऐंशी झाले म्हणलं,
तर सर खिसा चाचपत म्हणाले,
"सुट्टे नाहीत बाई. लिहून ठेवा."

ठेवलेत लिहून.
आकड्यात आणि अक्षरात.