चारशे बारा

दिवसभर मी द्राक्षं निवडते.
मोहाडीच्या पॅकहाउसमध्ये, टेबल नंबर तीन,
डोक्याला जाळीची टोपी, हातात कात्री.
अठरा मिलिमीटरची कडी मण्यावर सरकवायची,
सरकली तर गावात, अडकली तर परदेशी.
गोडी मोजायला दुर्बिणीसारखं एक यंत्र आहे,
रसाचा थेंब टाकून उजेडाकडे धरलं
की आत आकडा दिसतो.
सतरा. साडेसतरा. चल, भर पेटी.

शनिवारी मखमलाबाद नाक्याला उतरते,
पिठाच्या गिरणीवरचं वाचनालय,
आणि तिथे माझे हात लुळे पडतात.
चार कपाटं, साडेतीन हजार पुस्तकं,
सगळ्यांवर पिठाचा पातळ थर
आणि कडी कुठलीच नाही.

मुखपृष्ठ फसवतं. मागचा मजकूर तर
स्थळ बघताना मुलाचा मामा बोलतो तसा.
पहिलं पान वाचावं तर खैरनार बाई
घड्याळाकडे बघून खुर्ची सरकवतात.
जाड न्यावं तर सोमवारपासून ओव्हरटाइम,
बारीक न्यावं तर बुधवारीच संपतं
आणि गुरुवार, शुक्रवार दिंडोरी रोडभर
नुसत्या दुकानांच्या पाट्या वाचायच्या.

मग मी शेवटची चिठ्ठी बघायला लागले.
डिंकाने चिकटवलेली, जांभळे शिक्के,
तारखेशेजारी सभासद क्रमांक.
ज्या पुस्तकाने मला बसमध्ये रडवलं
त्यात माझ्याआधी एकच आकडा होता,
४१२.

चार वर्षं मी त्याच्या मागे चालले,
बंधाऱ्यावरून जाताना पुढच्याच्या
टाचांवर नजर ठेवतात तशी.
त्याच्यामुळे विहिरी खणणाऱ्यांचं वाचलं,
बोटीवरच्या आचाऱ्याचं,
आणि नाटकं, जी जन्मात हाती धरली नसती.
एकशेचाळीसच्या आसपास तो कंटाळायचा.
तिथे कोपरा दुमडलेला,
एखादं सुपारीचं खांड,
पुढची पानं करकरीत.
आधी मीही तिथेच सोडायचे.
नंतर नंतर पुढे जायला लागले,
कधी भेटला तर सांगता यावं,
अहो, पुढे बरं आहे.

मागच्या जूनपासून त्याचं काहीतरी बिनसलं.
४१२ ने मधमाश्यांवरचं नेलं, मग भुतांचं,
मग पुन्हा भुतांचं.
पानांत सुपारी नाही, पेन्सिल तासल्याचा भुगा.
मी निमूट मधमाश्या वाचल्या. भुतंही वाचली.
म्हटलं, म्हातारपणी होत असेल माणूस असा.

काल राहवलं नाही, विचारलं.
खैरनार बाईंनी रजिस्टर माझ्याकडे फिरवलं.
पुंडलिक गायधनी, एकलहरे वीजकेंद्र, निवृत्त.
नावावर लाल रेघ. गेल्या फेब्रुवारीतली.
अनामत मुलाने नेली.
त्याखाली, त्याच आकड्यापुढे, निळ्या शाईत
आश्लेषा धात्रक, इयत्ता आठवी.
“नंबर वाया कशाला घालवायचा,” बाई म्हणाल्या.

फेब्रुवारी म्हणजे भर हंगाम.
मी तेव्हा बारा-बारा तास उभी असायचे,
बोटांना द्राक्षाचा चिकटा,
आणि रात्री उशाशी त्याचंच कुठलंतरी पुस्तक.

खालची गिरणी बंद झाली
तेव्हा कळलं, इतका वेळ जमीन थरथरत होती.
बाई किल्ल्या वाजवायला लागल्या.
हाताला आलं ते काढलं, नाव नंतर बघितलं.
चिठ्ठी कोरी. एक शिक्का नाही.
बाईंनी तारीख उठवली, शेजारी लिहिलं ६०७.
माझाच नंबर, पण वर एकटाच,
कुणीतरी मागून यावं म्हणून थांबल्यासारखा.

बसमध्ये उभ्यानेच उघडलं.
एकशेचाळिसावं पान काढलं,
न वाचताच कोपरा दुमडला,
आणि मग पहिल्या पानावर आले.