टिचकी

सातपूरच्या कारखान्यात एकवीस वर्षं
मी चिनीमातीचे इन्सुलेटर वाजवून पाहिले.
नखाची एक टिचकी, कान जवळ.
खणखणला तर विजेच्या खांबावर,
बद्द वाजला तर मागच्या ढिगात.
सगळे पांढरे, नाहीतर तपकिरी.
कारखाना बंद पडला, ढिगावर एरंड उगवला.

इंदुमती गांगुर्डे तेव्हा साच्यांवर होत्या.
आता अंबडला, गाळ्यामागच्या खोलीत
त्याच पांढऱ्या मातीत रंग तिंबतात:
कोबाल्ट चिमूटभर, क्रोम त्याहून कमी,
लोखंडाचा गंज चहाच्या चमच्याने.
पोळीसारखे थर लाटून एकावर एक,
मध्ये व्हिनेगर घातलेली पातळ खळ,
मग वळकटी, मग ओलं फडकं, तीन दिवस.
“अळूवडीच की,” म्हणतात,
“फक्त वाफ बाराशे चाळीस अंशांची.”

तारेने कापतात तेव्हा मी थांबून बघतो.
बाहेरून नुसता मळकट ठोकळा,
आत आडवा चिरलेला कांदा.
निळा अजून निळा झालेला नसतो, फिकट जांभळा,
पण वर्तुळं आधीच जागच्या जागी.
वरून काढलेलं काही नाही.
घासा, खरवडा, आरपार तेच.

माणसं अशी नसतात, मी म्हणालो.
त्या म्हणाल्या, कापून कुठे बघितलंत?

पण रंग एका वेळी आक्रसत नाहीत.
एक लवकर ओढून घेतो, दुसरा मागे राहतो,
सांध्यात केसाएवढी चीर जाते.
डोळ्यांना दिसत नाही.
म्हणून भट्टी उघडली की मला बोलावणं.

काल बारा वाट्या.
अकरा खणखणल्या.
बारावी सगळ्यांत देखणी.
टिचकी मारली आणि गप्प राहिलो.
एकवीस वर्षांत एकदाही
बद्दला खणखणीत म्हटलं नव्हतं.

“काय?”
“परत मारतो.”
त्यांनी ती हातातून काढून घेतली,
पाणी भरलं, खिडकीत ठेवली.
बऱ्याच वेळाने सांध्यातून एक थेंब आला,
निळ्या रेघेवरच आला
म्हणून निळा दिसला.

“ही तुम्ही न्या. मीठ ठेवा, पाणी नको.”

मीठ ठेवलंय.
जेवताना नख आपोआप तिकडे जातं.
बायको विचारते,
कुणाचं दार वाजवताय?