चाळीस संध्याकाळी

नागपूरचा तो पोरगा नमुना दाखवून गेला.
बोट वर सरकवलं की पडद्यावर साडी उलगडत जाते,
करवती काठ दातादातानं पुढे येतो.
गोमाजी हेडाऊ चष्मा कपाळावर चढवून बघत राहिले,
मग म्हणाले, "अन् पदर कधी येते?"

पदर यायला चाळीस संध्याकाळी लागतील,
मी पावतीबुकाच्या पाठीवर हिशेब मांडला.
संस्थेकडे पैसे नाहीत, म्हणजे करायचं मीच,
ऑफिस बंद झाल्यावर, लाइन असली तर.
तेवढ्या दिवसांत शेवंताबाई निपाने
सहा साड्या मागावरून उतरवते
आणि सातवीचा ताणा भरून ठेवते.

आत्ताची वेबसाइट तशी वाईटच.
वर लाल अक्षरं धावतात, आपले सहर्ष स्वागत आहे.
एका ठिकाणी कोसा साडीची
कोसळा साडी झाली आहे.
फोटोतला माग केव्हाच भंगारात गेला
आणि मागावर बसलेल्या माणसानं
तुमसरला मोबाइल रिचार्जचं दुकान टाकलं.
महिन्याला एक्केचाळीस वेळा कोणीतरी येऊन जातं.
त्यातल्या वीसेक वेळा तर मीच,
चालू आहे ना, एवढं बघायला.

शेवंताबाईला विचारलं.
कांडी भरता भरता ती म्हणाली,
"एक दोरा तुटला त माग मोडते का कोणी?"
पटलं मला. रात्रभर पटलेलं राहिलं.
सकाळी आठवलं, हिनंच गेल्या वर्षी माग बदलला,
तीन महिने नव्या फणीला शिव्या घातल्या,
आता जुन्याचं नावही काढत नाही.

मग पानावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत
जो नंबर आहे, तोच लावून पाहिला.
मनोहरराव पराते, माजी सचिव,
सहा वर्षं झाली, गोंदियाला लेकीकडे असतात.
वाटलं, बंद असेल.
"हॅलो, कोसा विणकर संस्था."

आठवड्याला तीन-चार येतात, म्हणाले.
वहीत लिहितो, रविवारी गोमाजीले सांगतो.
लोक जुना भाव वाचून फोन करतात.
मी म्हणतो, बाई, तो भाव पाहून मले बी आनंद होते!
मग कोष कसा उकळतात, मांडीवर धागा कसा वळतात,
सारं सांगतो. अर्धा तास जाते.
निम्मे तरी घेतात.
"काऊन? काई बदलून राह्यली का तू?"

नमुन्यात नंबर नव्हताच.
कोपऱ्यात एक गोल बटण होतं, हिरवं.

"नाही," म्हटलं, "भाव तेवढा बदलते."
आणि त्या संध्याकाळी तेवढाच बदलला.
कोसळ्याचा कोसा केला.
लाल अक्षरं थांबवली, मग परत धावू दिली;
थांबल्यावर ती जास्तच ओरडत होती.

एकोणचाळीस उरल्या.
पावतीबुक पालथं घालून ठेवलंय.
मनोहररावांना या चैत्रात एकोणऐंशी लागलं,
हे कुठल्या रकान्यात धरायचं, खर्चाच्या की मुदतीच्या,
ते अजून सुचत नाही.
गोमाजी कुलूप लावता लावता विचारतात,
"आला का पदर?"
"कुठला," मी म्हणते, "काठच चालू आहे अजून."