सरस वाळेपर्यंत

पेटीचा भाता फाटला होता, एवढंच.
असोग्याच्या देवळातून निरोप आला :
सोमवारी रात्रभर नाम आहे, पेटी दम धरत नाही.
मी इनास बार्देस्कर, बेळगाव कॅम्पातला.
चर्चचे ऑर्गन, शाळांच्या पेट्या,
कानडी नाटक कंपन्यांच्या पायपेट्या, सगळं बापाकडून आलेलं.
देव कुणाचाही असो, सूर पितळेचा असतो,
असं बाप म्हणायचा, आणि पैसे दोनदा मोजायचा.

खानापूरला उतरलो. पुढे टेम्पोत
कौलांच्या चळतीवर बसून.
पौषातली मलप्रभा, अंग चोरून वाहणारी.
ओवरीत पेटी उघडली :
आत झुरळाची अंडी, आठ आण्याचं एक नाणं,
मध्यमाच्या पट्टीवर हिरवा गंज.
भात्याला नवं कातडं चिकटवलं.
सरसाला थंडीत अख्खी रात्र लागते.
"कूडरी," ईरव्वा म्हणाली. "बसा की. आता कुठं जाताय?"
माझ्या गळ्यातला क्रूस शर्टाबाहेर आला होता.
तिनं तो पाहिला, आणि चहा पुढे केला,
सगळ्यांना होता त्याच काचेच्या पेल्यात.

मग पेटीशिवायच सुरू झालं.
न म शि वा य.
सतरा-अठरा माणसं, टाळ एकच.
दिवसा दुकानाच्या पाटीवरून ज्यांची भांडणं होतात
तेही मांडीला मांडी लावून.
मी सवयीनं सूर शोधला.
काळी एक सोडून आलेला,
पांढरी दोनला न पोचलेला,
माझ्या कुठल्याच पेटीत नसलेला.
ते मात्र तिथंच बसले होते, निवांत,
बांधावर बसावं तसे.

आई तेर्स म्हणायची, रात्री, गुडघ्यांवर.
मी तिसऱ्या दशकाला झोपायचो,
आणि झोपेतही मणी पुढे सरकत राहायचे.
ती गेली त्याला अकरा वर्षं.
एवढ्या वर्षांत मला कुणी असं झोपवलं नव्हतं,
असं जागंही ठेवलं नव्हतं.
डोळ्यांतून पाणी आलं.
चुलीचा धूर, मी ईरव्वाला म्हणालो.
ओवरीत चूल नव्हती.

अडीचला पुलावरून लोंढ्याकडे मालगाडी गेली.
बावन्न डबे. मोजायची खोड आहे मला.
तिच्या आवाजाखाली नाम दिसेनासं झालं,
आणि शेवटचा डबा गेल्यावर
होतं तिथंच होतं, केसभरही न उतरलेलं.

पहाटे सरस वाळला. पेटी दिली.
पेटीनं पांढरी दोन धरली
आणि सगळे आपली जागा सोडून
मुकाट तिच्या सुरावर आले.
पैसे घेताना मला वाईट वाटलं.
मीच तर दुरुस्त केली होती.

आता बहुतेक सोमवारी जातो.
बिलबुकाच्या मागच्या पानांवर प्रश्न आहेत :
नंदी लिंगाकडेच का बघतो, दाराकडे का नाही?
शिव म्हणजे कोण, की शिव म्हणजे काय?
म्हणणारा थकला, तर नाव कोण म्हणतं?
गुरवाला विचारलं, तो म्हणाला, आधी पाय धुवा.
रिटायर कानडी मास्तर, गुरुपादय्या,
दोन पुस्तकं देतात, एक परत घेतात,
आणि उत्तर द्यायच्या ऐवजी विचारतात,
"तुमच्या आईला काय वाटायचं, म्हणताना?"
मला माहीत नाही. मी झोपलेलो असायचो.

साबीना विचारते, बदलणार आहेस का?
माहीत नाही म्हटलं.
खरं होतं ते, आणि तिला आवडलं नाही.
रविवारी मी ऑर्गनवर असतोच.
पाद्रींना अजून सांगितलेलं नाही.
देवाला ठाऊक असावं.
कुठल्या, ते विचारू नका.

घरी एक मोडकी पेटी आहे, विकली न गेलेली.
तिची एक पट्टी रात्री कानशीनं घासतो,
टोकाला घासली की सूर चढतो,
मुळाशी घासली की उतरतो,
जास्त झाली की तुटते.
दोन तुटल्या.
तिसरी काल रात्री फुंकून पाहिली,
साबीना कूस बदलून म्हणाली, "हा कुठला रे?"
म्हटलं, झोप.
अजून लागलेला नाही.