नंबर नऊशे एक

अमळनेरला बसस्टँडमागच्या गाळ्यात
भिकन पिंजारी सीडी विकायचा.
कव्हरवर बंदूक, बंदुकीमागे जाळ,
पिवळ्या ताऱ्यात: नऊशे नव्या लेव्हल्स!
किंमत दोनशे. आम्हाला दीडशे. उधार नाही.

मी शंभर दिले. पन्नास सोमवारी, म्हणालो.

नव्या कसल्या.
कुठल्या कुठल्या पोरांनी रात्री जागून उभ्या केलेल्या खोल्या,
कंपनीने फावड्याने गोणीत भरलेल्या,
सरकीसकट.
अर्ध्यांना दारच नाही.
एकीत उतरलं की थेट हिरव्या ॲसिडात.
एकीत चोवीस राक्षस, सगळे
भिंतीकडे तोंड करून, शिक्षा झाल्यासारखे.

सीडीतला लाँचर दोनदा भोंगा वाजवून झोपायचा.
म्हणून भिकनने स्वतःचा लिहिला.
काळा पडदा, आकडा दाबा, एंटर मारा.
आकड्यापुढे त्याचा शेरा, इंग्रजी अक्षरांतली अहिराणी:

४७ दार नही. नुसत्या भिती.
११२ चांगली शे. गोळ्या जपीसन वापर.
३०६ आठे जाऊ नको, मशीन लटकस.
५८८ बनाडनारा येडा व्हता, पन मन लाईसन बनाडी.

नऊशेच्या नऊशे तो चालून आला होता
एका उन्हाळ्यात.
लाइट गेली की पुन्हा पहिल्या खोलीपासून.
बाप म्हणायचा, पिंजाऱ्याचं पोर,
कचरा निवडल्याशिवाय झोप कशी येईल.

मग तो सुरतेला गेला म्हणतात.
गाळ्यात आता मोबाइलची कव्हरं लटकतात.

परवा जुनी डिस्क सापडली.
नव्या लॅपटॉपला जुनं मशीन असल्याचं सोंग घ्यायला लावलं,
आणि बोट घसरलं: ९०१.
यादीत नाही. शेरा नाही.
उघडली.

लांब गल्ली. भिंती लोखंडी, कारण
त्या खेळात दुसऱ्या भिंती नव्हत्याच.
पण वळण ओळखीचं,
दोन पायऱ्या ओळखीच्या, डावीकडे काउंटर.
राक्षस एकही नाही.
मी सवयीने प्रत्येक भिंत ढोसून पाहिली,
चोरदार असेल म्हणून.
काउंटरवर औषधाची एक पेटी.
घेतली. मी शंभर टक्के झालो.

बाहेर पडलो तर काळ्या पडद्यावर एकच ओळ:
तुनाकडे पन्नास बाकी शेतस.

पुन्हा आत गेलो. काउंटरपाशी उभा राहिलो.
या खेळात वस्तू उचलता येतात,
ठेवता येत नाहीत.