लाल पट्टीच्या पलीकडे

तवंदीचा घाट उतरताना
डाव्या हाताला उसाच्या ट्रॉल्या, दोन-दोन जोडलेल्या,
आणि मला उशीर झाला होता, एवढंच.
पाचव्यातून चौथ्यात यायचं होतं.
दांडा खाली ओढताना हात डावीकडे जरा जास्त गेला,
दुसऱ्यात पडला,
आणि क्लच मी सोडून दिला.

आधी आवाज आला नाही.
आधी काटा गेला.
तीन हजारांवरून वर, लाल पट्टी ओलांडून
जिथं आकडेच संपतात
तिथल्या खिळ्याला जाऊन टेकला.
लोखंड असं किंचाळतं हे मला ठाऊक नव्हतं.
मग डब्यात खिळे हलवावेत तशी टकटक,
मग तीही नाही.
ब्रेक दगडासारखा,
आणि गाडी नुसतीच, स्वतःच्या वजनानं, निपाणीकडे.

आक्कोळ नाक्यावर भरमू मेस्त्रींचं गॅरेज.
शेजारच्या वखारीतला तंबाखूचा वास
ऑइलच्या वासाला चिकटलेला.
त्यांनी पान्यानं इंजिन हळूहळू फिरवलं,
अडलं तिथं थांबले.
"दुसऱ्यात पडली न्हवं?"

मी म्हणाले, लिमिटर आहे गाडीला,
लाल पट्टी आली की पेट्रोल आपोआप तुटतं.
"तुटतंय की. खरं चाकं कोण तोडणार?
तुझ्या पायानं न्हाई पळालं ते.
रस्त्यानं पळवलं, मागनं ढकलून."

दुसऱ्या दिवशी हेड उतरलं.
सोळा व्हॉल्व्ह जमिनीवर मांडले होते,
आठ कन्नड पेपरावर, आठ मराठी पेपरावर.
वाकलेले दोन्हीकडे होते.
इरफान एकेक उचलून उजेडात फिरवत होता,
जसा कोणी पेन्सिलीचं टोक बघतो.

"स्प्रिंग असती ह्येच्या पाठीला," मेस्त्री म्हणाले,
"माघारी ओढायला तिला वेळ लागतोय. लई न्हाई,
डोळं मिटूस्तवर दहा वेळा जाऊन येतंय ते.
तू तेवढाबी दिली न्हाईस.
व्हॉल्व्ह घरात यायच्या आत
पिस्टन दारात हुबा."

मग चहा आला, आणि बोलणं चहाबरोबर सांडत गेलं.
दांडा मुठीत आवळायचा नाही,
तळहातानं ढकलायचा, मधलं घर त्याला म्हाईत असतंय.
उतारावर आधी ब्रेकनं वेग मारायचा, मग गिअर,
पाचव्याखाली चौथा, जिन्यावरनं पोर उतरतंय तसा.
आणि थंडीत चावी मारली की गुरगुर करत बसू नको,
ऑइल तळाला झोपलेलं असतंय,
ते वर चढूस्तवर दम धर.

बिल एकेचाळीस हजार सहाशे.
वडील ऐकून फक्त म्हणाले, "बरं."
ती गाडी त्यांनी नऊ वर्षं
तीन हजारांच्या वर नेली नव्हती.

गॅरेजच्या आतल्या भिंतीवर
तांबड्या ऑइलपेंटनं एकच शब्द, दोन लिप्यांत:
वर कन्नड, खाली देवनागरी. सावकाश.
या भागात पाटीवरच्या अक्षरांचं काय काय होतं
ते मला कुणी सांगायला नको.
मेस्त्री हात पुसत म्हणाले,
"दोन्हीकडं शब्द त्योच हाय.
म्हणून कुणी खोडत न्हाई."

आता संकेश्वरात सकाळी गारठा असतो.
मी चावी फिरवते आणि काहीच करत नाही.
काटा बाराशेवर थरथरतो, मग उतरत उतरत
आठशेवर बसतो.
मागं कुणीतरी हॉर्न देतं.

एक वाकडा व्हॉल्व्ह मी मागून घेतला होता.
पुढच्या कप्प्यात पडून असतो.
वळणावर घरंगळतो, पत्र्याला टक् करतो,
आणि दर वेळी
माझा पाय थोडा वर येतो.