चालू म्हणजे चालू

चार रिमोट, एका रबरबँडात बांधलेले.
पाचवा कुत्र्याने चावलेला.
टीव्ही, अ‍ॅम्प्लिफायर, डिस्क-प्लेअर, केबलचा डबा:
डुलुथमधल्या या तळघराला थिएटर करायला
वर्नरने तेरा हिवाळे दिले.
एकदा शिडीवरून पडला,
तरी शिवी दिली ती वायरीलाच.

आता त्याचा उजवा हात मांडीवर असतो,
दुसऱ्या कुणाचा सांभाळायला घेतल्यासारखा.
डाव्या अंगठ्याला एक बटण झेपतं.
एकच.
म्हणून हा नवीन रिमोट, सगळ्यांचा मिळून एक,
आणि मी,
चष्मा कपाळावर, पुस्तिका गुडघ्यावर.
बाहेर सरोवर कडेकडेने गोठतंय.

एक शून्य सहा नऊ. नाही.
एक एक सात चार. नाही.
शून्य सात शून्य तीन: टीव्ही विझला.
विझला! म्हणून मी अशी ओरडले
की पेटला असता तरी एवढी ओरडले नसते.

मग दुखणं कळलं.
या बटणात चालू आणि बंद अशा दोन आज्ञा नाहीत.
एकच आहे: आहेस त्याच्या उलट हो.
त्यामुळे टीव्ही उजळतो, आणि कालपासून जागा राहिलेला
अ‍ॅम्प्लिफायर डोळा मिटतो.
पुन्हा दाबा, अदलाबदल.
आमची पहिली वीस वर्षं अशीच गेली.
मी बोलायला बसले की हा खाली तळघरात,
हा वर आला की माझी पाठ.

एकतीस वर्षं मी कालव्यावरचा पूल उचलला.
तिथे वर आणि खाली यांच्या मुठी वेगळ्या.
'उलट हो' अशी मूठ कुणा शहाण्याने बसवली असती
तर तीनशे मीटरचं, खनिजाने भरलेलं जहाज
कुणाच्या छातीवर आलं असतं?
वर म्हणजे वर.
आधीच वर असलास, तरी वर.
आणि जहाज भोंगा द्यायचं, एक लांब, दोन आखूड,
मी पुलावरून तोच परत द्यायचे:
ऐकलं.

हा रिमोट ओरडतो आणि मान फिरवतो.
ऐकलं का कुणी, कुत्रा मध्ये आला का,
याला त्याचं सोयरसुतक नाही.

साडेअकराला ऑर्विल कांगासला फोन केला.
पुलाचा जुना इलेक्ट्रिशियन, झोपेतून उठवलेला.
म्हणाला, असतात की वेगळे कोड, मार्लिस,
कंपनी यंत्रात ठेवते, फक्त बटण देत नाही.
मी गॅसच्या बिलामागे लिहून घेतले.
आणि थांब जरा दोन आज्ञांमध्ये, म्हणाला,
टीव्हीला भानावर यायला सात सेकंद लागतात,
त्याआधी सांगितलेलं वाया जातं.

सात सेकंद.
दवाखान्यातली मुलगीही हेच म्हणाली होती,
विचारा, आणि थांबा.
मी पाचावरच वर्नरचं वाक्य पूर्ण करते.
बहुतेक वेळा चुकीचं.

पावणेदोन वाजता रिमोट त्याच्या डाव्या हातात दिला.
त्याने दाबलं.
टीव्ही. मग मोजून सात. मग अ‍ॅम्प्लिफायरचा निळा ठिपका,
मग भिंतीतून समुद्र आल्यासारखा आवाज:
हवामानवाला सरोवरावरचा वारा सांगत होता.
वर्नरने माझ्याकडे बघितलं
आणि मुद्दाम, लबाडाने, पुन्हा दाबलं.

काहीच झालं नाही.
सगळं होतं तसं चालू.

मी काही बोलणार होते. नाही बोलले.
एक, दोन, तीन,
चार,
पाचावर जीभ चावली,
सहा.
खुर्चीच्या हातावर त्याच्या नखाने एक लांब रेघ ओढली.
मग टक. टक.

मी तोंडानेच भोंगा वाजवला,
एवढ्या जोरात की कुत्रा जिन्याखाली पळाला.